किडनीची गाठ: ती पोचली कुठवर?

किडनीतल्या बऱ्याच गाठी आज अचानक सापडतात. पित्ताशयातले खडे बघायला सोनोग्राफी केली आणि उजव्या किडनीत काहीतरी दिसलं, असं सांगत लोक येतात. मग घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "केवढी आहे हो?"

प्रश्न बरोबर आहे. गाठ कॅन्सरची असेल आणि किडनीपुरतीच असेल, तर 7 सेंटिमीटरपर्यंत पहिला टप्पा. त्यातही 4 सेंटिमीटरच्या आतली असली, तर बहुतेकदा नुसती गाठ काढून बाकीची किडनी वाचवता येते. पण 5 सेंटिमीटरचीच गाठ किडनीच्या शिरेत शिरली असेल, तर तो थेट तिसरा टप्पा! या कॅन्सरची ही खोडच आहे. तो शिरेच्या आतून वेलासारखा वाढत पोटातल्या महाशिरेत जातो, कधी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत चढतो. त्याचं टोक यकृताच्या खाली आहे की वर, यावर ऑपरेशन ठरतं. हृदयापर्यंत गेला असेल तर हार्ट सर्जन आणि हार्ट-लंग मशीन तयार ठेवावं लागतं. तो वाढत राहतो, म्हणून ऑपरेशनच्या वेळी दोन महिन्यांपूर्वीचा स्कॅन मला पुरेसा वाटत नाही.

हे सगळं दिसायला सीटी नीट वेळ साधून काढावा लागतो. आधी कॉन्ट्रास्टशिवाय, मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तपुरवठा उजळून दाखवणारं औषध शिरेतून देऊन. दोन्हींची तुलना केल्याशिवाय गाठीत रक्तपुरवठा आहे की ते नुसतं घट्ट पाणी आहे, हे खात्रीनं सांगता येत नाही. घनतेत 20 हाउन्सफिल्ड युनिटनं (सीटीवर घनता मोजायचं माप) वाढ झाली, तर ती गाठ जिवंत पेशींची. कॉन्ट्रास्ट दिल्यावर अर्ध्या मिनिटात किडनीची फक्त साल उजळते, आतला गर काळाच राहतो आणि त्या काळोखात छोटी गाठ लपते. दीड मिनिटानंतर सगळी किडनी एकसारखी उजळली की ती उठून दिसते. पैसे वाचवायला साधा सीटी काढून आणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो बहुतेकदा पुन्हा काढावा लागतो. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) फार वाढलेलं असेल किंवा महाशिरेबद्दल शंका असेल, तर एमआरआय.

छातीचा सीटी बहुतेकांना सांगतो, कारण हा आजार फुप्फुसात आधी जातो. हाडांचा आणि मेंदूचा स्कॅन मात्र त्रास असेल तरच. "पेट स्कॅन करून टाकू का?" असं खूप जण विचारतात. नेहमीच्या पेटमधलं औषध लघवीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे किडनी आपोआप चमकते. शिवाय या जातीच्या बऱ्याच गाठी ते फारसं शोषत नाहीत. सुरुवातीला त्याची गरज नसते.

आणि सर्जनकडे जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, सीडी न्या. चारांपैकी साधारण एका माणसाच्या किडनीला एकापेक्षा जास्त धमन्या असतात. त्या किती आणि कुठून येतात, हे सर्जनला सुरी हातात घेण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं.