दिसतं कंबरभर, असतं छातीभर

मंडळी, साताऱ्यात पाण्यावर बोलायचं म्हणजे श्रोत्यांची तयारी आधीच झालेली असते. तुमच्यातले निम्मे पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले असतील आणि उरलेल्या निम्म्यांना कुणीतरी मागून ढकललं असेल. पत्रिकेवर विषय छापलाय 'पारदर्शक पदार्थांतून प्रकाश कसा जातो'. त्यावर येतोच, पण आधी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही.

पाणी नितळ असेल तेव्हा संगम माहुलीच्या घाटावर उभं राहून खाली बघा. बुडालेली पायरी अगदी हाताशी वाटते, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. यालाच अपवर्तन म्हणतात. सरळ वरून पाहिलं तर पाण्याची खोली खरीच्या पाऊणपट दिसते. 3 फूट वाटलं तर 4 फूट असतं. तिरकं पाहिलं तर आणखी कमी, आणि काठावरचा माणूस पुढचं पाणी तिरकंच बघतो. मोठ्या माणसाला कंबरभर वाटलेलं पाणी छातीला लागतं. तिथे लहान पोराचं काय होईल ते सांगायला नको. एवढं जिवाशी गाठ असलेलं ज्ञान आपण शिकवतो कसं? काचेची चीप, चार टाचण्या, पेन्सिलीच्या रेषा आणि पाठ केलेली व्याख्या.

माझ्या वर्गात मळ्यात राहणारी एक मुलगी होती. विहीर घराला लागूनच. प्रात्यक्षिकाला तिनं लोणच्याची काचेची बरणी आणली, 24 सेंटिमीटर पाणी भरलं आणि तळाशी रुपया टाकला. दुसरा रुपया पुठ्ठ्याच्या पट्टीला चिकटवून बरणीच्या बाहेरून वर-खाली सरकवत राहिली. एक डोळा मिटून वरून बघायचं आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. एक नाणं दुसऱ्याच्या पुढे पळालं की पट्टी पुन्हा सरकवायची. दोन्ही जोडीनं हलली की समजायचं, दोन्ही एकाच खोलीवर दिसतायत. बाहेरचा रुपया पाण्याच्या पातळीखाली 18 सेंटिमीटरवर थांबला. 24 ला 18 ने भागा, 1.33. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाणी प्रकाशाला किती वाकवतं ते सांगणारा आकडा! वहीत तिनं निष्कर्ष लिहिला, 'विहीर दिसते त्याहून एक तृतीयांश जास्त खोल धरावी.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निम्मे गुण कापले, कारण साहित्याच्या यादीत बरणी नव्हती. मी तिथेच भांडलो. उपयोग झाला नाही. पुष्कळ वर्षं झाली, पण तो राग गेलेला नाही आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. माझी मागणी साधी आहे: अपवर्तनाचा पहिला तास पाण्याच्या भांड्याशी व्हावा, आणि तोही उन्हाळी सुट्टी लागायच्या आत, कारण सुट्टी लागली की पोरं विहिरीवर पोचतात.

संयोजक घड्याळ दाखवतायत, तेव्हा कबूल केलेला विषय भराभर घेतो.

प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत 2 लाखांच्या आसपास. वाकणं येतं ते या मंदावण्यातून. लोणंद-फलटणच्या वाटेवर दिंडीची सरळ ओळ डांबरावरून तिरकी नांगरटीत उतरली, तर आधी उतरलेल्या टोकाची चाल मंदावते आणि अख्खी ओळ वळते. प्रकाशाच्या लहरींचंही तसंच. प्रकाश म्हणजे बारीक कणांचा झोत, असं मानणाऱ्या न्यूटनच्या कणसिद्धांताप्रमाणे तो पाण्यात जलद जायला हवा होता. 1850 मध्ये फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं पॅरिसमध्ये फिरता आरसा वापरून दाखवलं की तो पाण्यात हळूच जातो.

तो मंदावतो का? प्रकाशानं पदार्थातले इलेक्ट्रॉन डोलतात आणि स्वतःच्या लहरी सोडतात. त्या मूळ लहरीत मिसळून जी लहर तयार होते ती मागे पडते. मग काच पारदर्शक का? तिच्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर चढायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी दृश्य प्रकाशाजवळ नसते, म्हणून तो शोषला न जाता पलीकडे निघून जातो. अतिनील किरणांची ऊर्जा जास्त असते, त्यांतले जास्त ऊर्जेचे किरण खिडकीची काच अडवते. थंडीत बंद खिडकीआड उन्हात बसलात तर ऊब मिळेल, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण आत येत नाहीत. त्यासाठी अंगणातच बसावं लागतं.

आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतल्या मुलींपासून सुरुवात करू.