एक पावसाळा जाऊ द्या

पत्रिकेत माझा विषय 'वास्तूची गुणवत्ता आणि तिचे मूल्यमापन' असा छापलाय. तो वाचून मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "ईशान्येला संडास आलाय, काही उपाय?" तेव्हा आधीच सांगून टाकते, मी आर्किटेक्ट आहे. संडास कुठल्या दिशेला ते मी विचारत नाही. त्याला खिडकी आहे का आणि ती उघडते का, एवढंच विचारते. ते गृहस्थ आता सभागृहात दिसत नाहीत. (हशा)

माझं म्हणणं तसं थोडक्यात आहे. इमारत तपासायची ती लोक राहायला आल्यावर, निदान एक पावसाळा अंगावर घेतल्यावर. आपल्याकडे सगळं उलट. नगरपालिका शेवटी जो कागद देते त्याचं नाव भोगवटा प्रमाणपत्र. अग्निशमन दलाची ना हरकत, लिफ्टचा परवाना, ड्रेनेजची जोडणी, मंजूर नकाशाशी मेळ, हे सगळं बघून तो मिळतो, आणि मिळतो भोगायला कोणी यायच्या आधी! पुढे भोगणारा भोगत बसतो.

हे मी कुठे शिकले ते सांगते. पाच मिनिटांची गोष्ट आहे. अध्यक्ष हसतायत, त्यांनी ती आधी ऐकलीय, आणि तेव्हा ती पंधरा मिनिटं चालली होती.

तळकोकणात एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजचं ग्रंथालय केलं. तरुण होते, डोक्यात हवा होती. तिथले लोक म्हणत होते, उतरतं छप्पर करा, पागोळ्या भिंतीपासून लांब पडू द्या. मला ते जुनाट वाटलं. मी सपाट स्लॅब टाकला, पडदीच्या आड पन्हळ लपवली, तिला एकच तोंड ठेवलं, आणि वाचनकक्षाला पश्चिमेकडे उंचच उंच खिडक्या दिल्या. छज्जा नाही. छज्ज्यानं दर्शनी बाजूची रेघ तुटत होती ना! जांभ्याची भिंत, संध्याकाळचं ऊन, फोटो असा आला की एका मासिकानं पान भरून छापला. उद्घाटन डिसेंबरात झालं. कोकणात इमारतीचं उद्घाटन नेहमी डिसेंबरात ठेवावं, अब्रू सहा महिने टिकते.

पुढच्या गणपतीच्या सुमारास सहज बघायला गेले. वाचनकक्षात शिरले तर पश्चिमेच्या भिंतीवर खडूच्या रेघा. एकीखाली एक, जमिनीपासून कंबरेपर्यंत, आणि प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. '२ जुलै, बादल्या ३, वारा.' '९ जुलै, बादल्या ५, वारा.' '१४ जुलै, वारा नाही, पाला.' मला वाटलं पोरांचा चावटपणा. तेवढ्यात शिपाईमामा आले. ओल भिंतीवर कुठपर्यंत चढली त्याची रेघ ते रोज मारत होते.

मी आर्किटेक्टच्या धर्माला जागून कंत्राटदाराला नावं ठेवायला सुरुवात केली. सिमेंट कमी घातलं असणार, कोबा नीट केला नसणार. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, कोबा चांगला आहे. तुमची खिडकी पावसाकडे तोंड करून बसलीय."

मग त्यांनी मला भिंत वाचून दाखवली. 'वारा' लिहिलंय त्या दिवशी समुद्राकडून झड आली, पाणी खिडकीच्या फटीतून आत. 'पाला' लिहिलंय त्या दिवशी वारा नव्हता, पण मागच्या फणसाची पानं पन्हळीच्या त्या एकुलत्या एका तोंडात अडकली आणि पाणी वरून उतरलं. दोन गळत्या, दोन वेगळी कारणं. भोगवट्यानंतरचं इतकं नेमकं मूल्यमापन मी पुढे कुठल्या सल्लागाराच्या जाडजूड अहवालात वाचलं नाही. शिवाय त्यांनी कपाटं हलवली होती. कविता-कादंबऱ्या पूर्वेच्या कोरड्या भिंतीला, आणि पश्चिमेला सरकारी राजपत्रं. मी विचारलं, ही का? म्हणाले, "ही भिजली तर कोणी ओरडत नाही." (हशा)

आणखी एक. पोरं वाचनकक्षात बसतच नव्हती. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट वहीवर. सगळी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, जिथे उजेड मऊ आणि वारा खेळता. म्हणजे माझा खरा वाचनकक्ष तो जिना होता, आणि तो मी अर्ध्या तासात काढला होता! पुढे खिडक्यांना कौलांचे छज्जे लावले, पन्हळीला आणखी दोन तोंडं काढली. मासिकवाले परत आले नाहीत.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. म्हणजे विषय आता सुरू करायला हवा.

तर मोजायचं काय? दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या विट्रुव्हिअसनं तीन गोष्टी सांगितल्या, मजबुती, सोय आणि सौंदर्य. ब्रिटनमध्ये २००० नंतर जी 'डिझाइन क्वालिटी इंडिकेटर' नावाची प्रश्नावली आली तिचा सांगाडा तोच. त्याआधी १९९५ पासून 'प्रोब' या नावानं वीसेक वापरातल्या इमारती तपासल्या गेल्या आणि इमारतींच्या नावानिशी निष्कर्ष मासिकात छापले गेले. विजेचा प्रत्यक्ष वापर आराखड्यातल्या अंदाजाच्या दुप्पट निघाल्याचीही उदाहरणं सापडली. आपल्याकडे असं छापलं तर पुढच्या अंकाआधी वकिलाची नोटीस येईल.

वीज मोजणं सोपं आहे. बारा महिन्यांच्या बिलातली युनिटं, भागिले चौरस मीटर. आपल्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं २००९ मध्ये ऑफिसांना तारे द्यायला सुरुवात केली ती याच आकड्यावर, प्रत्यक्ष बिलावर, नकाशावर नव्हे. ही मला फार आवडलेली सरकारी गोष्ट आहे, आणि अशा गोष्टी थोड्या आहेत. उजेडासाठी लक्स मीटर आणा, वाचायच्या टेबलावर साधारण ३०० लक्स हवेत. पाण्यासाठी खडू पुरतो.

रेरा कायदा म्हणतो, ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. ठीक. पण पावसाकडे तोंड करून बसलेली खिडकी हा बांधकामातला दोष की नकाशातला? यावर वकील वर्षभर जेवतील.

सोय मोजायची तर लोकांनी काय बदललं ते बघा. बाल्कनी खोलीत घेतली, तर ते मतदान आहे. पण मत नीट वाचा. नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सात-सात घरांमध्ये ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण ठेवलं, आणि दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं म्हणून. लोकांनी वाढवलं. कित्येकांनी कौलारू घर पाडून आरसीसीचे मजले चढवले. आमच्यातले काही तिथे जाऊन हळहळतात. मला ती वसाहत नापास वाटत नाही, वाढायला जागा दिली आणि घर वाढलं. तपासायचं असेल तर अंगण तपासा, तिथे अजून पोरं खेळतात की गाड्या उभ्या असतात.

सौंदर्यावर वीस मिनिटं आणली होती, ती परत नेते.

दुसरी चिठ्ठी. शेवटच्या रांगेतल्या बाई मघापासून कानामागे हात धरून बसल्यात. हे सभागृह कोणी केलं मला माहीत नाही, विचारतही नाही. व्याख्यानाच्या खोलीत आवाज सेकंदभरात विरायला हवा. आता सगळ्यांनी मिळून टाळी वाजवायची, माझ्यासाठी नाही, आणि एकच. मग अगदी गप्प राहून मोजायचं. तयार? वाजवा.