मुंबई ते लंडन: अंतर एक, वेळा दोन

मंडळी, मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. प्रवासी विमान ताशी 900च्या आसपास उडतं. भागाकार केला की उत्तर येतं आठ तास. पण तिकिटावर जाताना साडेनऊ-दहा तास दिसतात आणि येताना त्याहून तासभर तरी कमी. हा तास जातो कुठे?

बरेच जण सांगतात, पृथ्वी खालून फिरते म्हणून. तसं असतं तर जुहूवर तासभर एका जागी तरंगणारं हेलिकॉप्टर थेट अरबी समुद्रात उतरलं असतं! शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे या हिशेबाने लंडन आपल्याकडे सरकत यायला हवं आणि जाताना वेळ कमी लागायला हवा. घडतं नेमकं उलटं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान उडतं त्या हवेत.

खरा खेळ वाऱ्याचा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. आपली विमानं त्याच उंचीवर असतात. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात. ताशी दोनशे किलोमीटर म्हणजे त्यांच्यासाठी काही विशेष नाही. आपण सरासरी शंभरच धरू. जाताना जमिनीवरचा वेग 800, म्हणून नऊ तास. येताना 1,000, म्हणून सात तास बारा मिनिटं. आता बेरीज करा: सोळा तास बारा मिनिटं. वारा नसता तर सोळाच लागले असते. म्हणजे वारा जाताना जितकं घेतो तितकं येताना परत देत नाही, कारण विरोधातल्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकलेलो असतो. मला हे गणित फार आवडतं.

उरलेली वाढ जमिनीजवळची. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, हीथ्रोवर गर्दी असली की आकाशातल्या घिरट्या आल्या, आणि उशीर दिसू नये म्हणून कंपन्या थोडी जास्तीची मिनिटंही धरून ठेवतात.

आणि ते 7,200 तरी पक्के आहेत का? पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून बघा. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात पट्टीने ओढलेली रेघ बगदादच्या जवळून जाते. दोरा मात्र कराचीवरून निघतो, इराण ओलांडतो, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक गाठतो आणि क्रिमियावरून, युक्रेनवरून पुढे सरकतो. हा सगळ्यात जवळचा रस्ता. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022पासून प्रवासी विमानांना बंद झालं आणि एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. ही दुसरी बंदी फक्त भारतीय विमानांवर. त्यामुळे एकाच धावपट्टीवरून लंडनला निघालेल्या भारतीय आणि ब्रिटिश विमानांचं अंतरसुद्धा सारखं असेलच असं नाही.