उलटा 'श्री'

बेळगाव. शहापुरातली ही खोली. खिडकीशी काळं कापड अंथरलंय, त्यावर देव्हाऱ्याच्या दाराची वीतभर काच. काळ्यावर पांढरी रेघ उठून दिसते, म्हणून.

काच कोरणाऱ्या काकांनी 'श्री' उलटा काढलाय. कोरायचं काचेच्या मागच्या अंगाला, वाचायचं समोरून. नीट बघा, दीर्घ वेलांटी डावीकडे गेलीय. 'श्री' चक्क ऱ्हस्व दिसतोय.

आता चाक. रुपयाएवढं, तांब्याचं. तांबं काचेपेक्षा मऊ, मग काच कापतं कोण? कुरुंद, काचेहून कठीण खनिज. त्याची पूड तेलात कालवून चाकाच्या कडेला लावायची. कण तांब्यात रुततात आणि तेच काच खरवडतात. चाक जागेवरच फिरतं, हलते ती काच. काका ती दोन्ही हातांत धरून खालून चाकाला लावतात. टेकलेली जागा तेलाआड झाकलेली, दिसतच नाही. दाब बदलला की आवाज बदलतो, बोटांना थरथर लागते, तेवढ्यावर सगळं काम. "बघू नको, ऐक की," काका शेजारी बसलेल्या भाच्याला सांगतात.

पाकळीच्या पोटाला मोठं चाक, शिरांना बारीक. पुसून काच उलटवली, आणि खोल कोरलेली पाकळी समोरून फुगीर दिसते. हे सुख काचेवर चिकटवायच्या नक्षीच्या कागदात नाही.

रीत मूळची रत्नं कोरणाऱ्यांची. 1609 साली प्रागमध्ये सम्राट दुसऱ्या रुडॉल्फनं कास्पर लेमान या कारागिराला काच कोरायचा खास हक्क दिला. आपल्याकडे 1916 साली कराडजवळ ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील इकडच्या कितीतरी घरांत टांगलेला असायचा.

कोरडं काम केलं तर काचेची धूळ छातीत जाते. गिऱ्हाईकही कमी झालंय, कागद तासाभरात लागतो. पण कोरलेली रेघ काच फुटेपर्यंत जात नाही. घरात देव्हारा करणार असाल तर चार दिवस थांबा आणि हाताचं काम मागा, एवढी विनंती.

ही काच निपाणीला जाणार. गिऱ्हाइकानं घराचं नाव मराठीत आणि कानडीत मागितलंय. कानडी अक्षरंही काका उलटीच काढतात. त्यांची वळणं गोल, काच सारखी फिरवत राहावी लागते. भाच्याच्या हाती सध्या देवनागरीची शिरोरेघच देतात.