एका व्होल्टला २०० अँपिअर: प्रोसेसरपर्यंत करंट पोचतो तरी कसा?

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका छोट्या हिशोबाने करू. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, शाळेतलं एवढं तर आठवत असेल. आता एखादा तगडा डेस्कटॉप प्रोसेसर फुल लोडला २०० वॉट खातो असं धरा, आणि आतल्या कोअरना लागतो साधारण १ व्होल्ट. मग करंट किती झाला? २०० अँपिअर! गाडीला स्टार्टर मारताना बॅटरीतून ओढला जातो ना, त्या रेंजमधला करंट आहे हा, आणि तिथे चांगली जाडजूड केबल असते, काम दोन-तीन सेकंदांत आटपतं. इथे तो तासन्‌तास चालू आणि जातो कुठून तर सॉकेटमधल्या बारीक पिनांमधून. त्या हजार-दोन हजार पिनांमधल्या कितीतरी पिना डेटासाठी नसतातच, नुसत्या पॉवर आणि ग्राउंडसाठी असतात, ते याचमुळे.

तुम्ही म्हणाल, पॉवर सप्लायच्या वायरी तर बारीक असतात की. असतात, कारण तिथून १२ व्होल्ट येतात. २०० वॉट १२ व्होल्टने आणले तर १७ अँपिअर, आणि आठ पिनच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या चार वायरी, म्हणजे एकीच्या वाट्याला चार-सव्वाचार. आता तेच १ व्होल्टने आणायचं म्हटलं तर? वाटेत फक्त १ मिलिओहम रेझिस्टन्स धरा, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, तरी ०.२ व्होल्ट वाटेतच गायब आणि ४० वॉटची नुसती उष्णता. म्हणून करंट मोठा करायचा तो अगदी शेवटी, प्रोसेसरच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन.

(बोर्ड कॅमेऱ्याजवळ धरून) हे बघा, सॉकेटच्या कडेने हे राखाडी चौकोनी ठोकळे दिसतायत ना, हे चोक, म्हणजे आत तारेची वेटोळी. त्यांच्या मागे हीटसिंकखाली मॉसफेट, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारे स्विच. हे सगळं मिळून व्हीआरएम, १२ व्होल्टचा १ व्होल्ट करणारं सर्किट. वरचा मॉसफेट १२ व्होल्ट जोडतो आणि लगेच तोडतो, मग खालचा चालू होतो आणि चोक आपल्यात साठलेल्या जोरावर करंट पुढे ढकलत राहतो. १२ चा १ करायचाय म्हणून वरचा एकूण वेळेच्या साधारण बाराव्या भागापुरताच चालू. सेकंदाला ५ लाख वेळा हे होत असेल तर एक फेरी २ मायक्रोसेकंदांची, त्यात चालू वेळ जेमतेम १७० नॅनोसेकंद. एकट्या चोकला २०० अँपिअर झेपत नाहीत म्हणून आठ फेज, म्हणजे चोक-मॉसफेटचे असे आठ संच, प्रत्येकी २५ अँपिअर, आणि त्या पाळीपाळीने चालू होतात, त्यामुळे एकीचा चढ दुसरीच्या उतारात जिरतो आणि रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, कमी होतो.

जाता जाता, रिपेअर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोठ्या ग्राफिक्स कार्डावर कोअरच्या चोकपासून ग्राउंडला मल्टिमीटर लावला की बीप वाजतो, आणि पहिल्यांदा मला वाटलं शॉर्ट आहे, मी मॉसफेट काढायला निघालो होतो. शॉर्ट नव्हता. एवढ्या मोठ्या चिपच्या कोअरचा रेझिस्टन्स एक ओहमच्या खालीही असू शकतो, त्यामुळे नुसत्या बीपवर विसंबून काही उपटू नका, आकडा बघा.

आता या विषयातला मला सगळ्यात जास्त भावणारा भाग, वेळ. ५ गिगाहर्ट्झला एक क्लॉक ०.२ नॅनोसेकंदाचा. म्हणजे व्हीआरएमची एक फेरी पुरी होईपर्यंत प्रोसेसरचे १० हजार क्लॉक होऊन गेलेले असतात! प्रोसेसर निवांत बसलाय आणि अचानक सगळे कोअर जड गणिताला लागले, करंट २० वरून १२० वर गेला, व्हीआरएमची मदत तेव्हा म्हणजे वरातीमागून घोडं. तोवरचा काळ निभावतात कपॅसिटर, थोडा चार्ज साठवून ठेवणारे. चिपच्या आतले इवलेसे पण सगळ्यात चपळ, मग पॅकेजवरचे, मग सॉकेटच्या बरोबर मागे दाटीने बसवलेले, मग बोर्डवरचे मोठे आणि संथ. एकाने दम सोडला की पुढच्याने धरायचं. १०० अँपिअरच्या उडीला व्होल्टेज फक्त ५० मिलिव्होल्ट पडू द्यायचं असेल तर सगळ्या वाटेचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा अडथळा, अर्ध्या मिलिओहमच्या आत हवा, आणि तोही एका फ्रीक्वेन्सीला नाही, पार मेगाहर्ट्झपर्यंत. कपॅसिटर दोन-चार मिलिमीटर लांब सरकला तरी वाटेतलं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, त्याला उशीर करतं.

आणि उलटं पण होतं. लोड झटकन सुटला की चोकमधला करंट लगेच थांबत नाही, तो कपॅसिटरमध्ये घुसतो आणि व्होल्टेज वर उसळतं. म्हणूनच लोड वाढला की व्होल्टेज मुद्दाम थोडं खाली येऊ देतात, म्हणजे उसळीला वर जागा उरते. यालाच लोडलाइन म्हणतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, लोडलाइन कॅलिब्रेशन (हे खाली येणं कमी करणारं सेटिंग) टोकाला नेऊन ठेवायची लोकांना फार हौस, आणि सॉफ्टवेअरमध्ये रेषा छान सरळ दिसते सुद्धा, पण सॉफ्टवेअर सेकंदाला दोन-चार वेळा वाचतं हो, मधली उसळी त्याला दिसणार कुठून! ऑसिलोस्कोप सॉकेटच्या मागच्या कपॅसिटरवर लावला तेव्हा मला ती दिसली, आणि तेव्हापासून मी मधल्या सेटिंगच्या वर जात नाही.

सर्व्हरमध्ये हेच सगळं आणखी मोठ्या प्रमाणात. एनव्हिडियाचा एच१०० हा एआयसाठीचा प्रोसेसर सातशे वॉटपर्यंत जातो, म्हणजे कोअर व्होल्टेज १ च्या खाली धरलं तर सातशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त अँपिअर. म्हणून रॅकमध्ये १२ ऐवजी ४८ व्होल्ट, करंट पाव आणि त्याच वायरीतला लॉस सोळावा भाग. गूगलने २०१६ मध्ये ४८ व्होल्टच्या रॅकचं काम ओपन कम्प्यूटमध्ये, म्हणजे डेटा सेंटरची डिझाइन खुली करणाऱ्या कंपन्यांच्या गटात, मांडलं. बोर्डावरून आडवं जाणंही आता परवडेना, म्हणून कन्व्हर्टर थेट चिपच्या पोटाखाली, बोर्डच्या मागच्या बाजूला बसवायला लागलेत.

शेवटचा टप्पा चिपच्या आत. आजवर पॉवर आणि सिग्नल दोन्ही ट्रान्झिस्टरच्या वरच्याच धातूच्या थरांतून यायचे, एकमेकांची जागा खात. इंटेलने १८ए या चिप बनवायच्या नव्या प्रोसेसमध्ये पॉवरव्हिया आणलं, पॉवर मागून, सिग्नल पुढून. पॉवरची वाट आखूड आणि जाड झाली. पण त्यासाठी सिलिकॉन घासून अगदी पातळ करावं लागतं, आणि जे जाड सिलिकॉन आधी उष्णता आडवी पसरवायचं तेच आता नाही, त्यामुळे एका जागी तापलेला ठिपका लवकर थंड कसा करायचा हे आता कुलिंगवाल्यांसमोर आलंय.