घोडा ओढतो तेव्हा आधी त्याच्या तोंडात बघा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय लिहिलाय 'बाहेर काढल्यावर लगाम न मानणारा घोडा', आणि समोर बघितलं तर निम्म्याहून जास्त लोक घोडेवालेच दिसतायत, त्यामुळे खोगीर कसं घालायचं, रिकिबीत पाय कसा ठेवायचा हे सगळं सोडून थेट मुद्द्यावर येते. कितीजणांचा घोडा घरच्या मैदानात शहाण्यासारखा चालतो आणि एकदा रस्ता सोडून शेताकडेचा मोकळा पट्टा दिसला की मान पुढे टाकून निघतो? हात वर करा. बघा, केवढे हात आहेत. ज्यांनी वर केला नाही त्यातल्या काहींचे घोडे मी स्वतः बघितलेत, त्यांनीही करा, लाजू नका.

आता या प्रत्येकाला कुणीतरी एक सल्ला दिलेला असणार, की लगाम बदला, कडक घाला, आपोआप सरळ येतो. मला आज हाच सल्ला खोडून काढायचाय. ओढणारा, म्हणजे लगामाला न जुमानता मान ताणून पुढे निघणारा घोडा कडक लगामाने आणखी ओढतो. तो का ओढतो ते आधी शोधावं लागतं, आणि शोधायची सुरुवात त्याच्या तोंडात बघण्यापासून होते.

घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मध्ये एक मोकळी जागा असते, दात नसलेली. लगामाची कडी, म्हणजे तोंडात जाणारा लोखंडी भाग, तिथे बसते. कधीतरी घोडा शांत उभा असताना ओठाच्या कोपऱ्यातून बोट घालून खालच्या जबड्याची ती कड चाचपून बघा. हाडाची धार हाताला लागते आणि तिच्यावर फक्त पातळ नाजूक कातडी असते, मांस नाहीच. आपली नडगी चुकून खाटेला लागली की काय होतं ते आठवा, तसलीच जागा. तिच्यावर आणि जिभेवर आपण लोखंड ठेवतो आणि दोन हातांनी ओढतो.

त्याच्या मागे दाढा. घोड्याची दाढ आयुष्यभर हळूहळू वर येत राहते, वर्षाला साधारण दोन-तीन मिलिमीटर, आणि चारा चघळताना तेवढीच झिजते. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे झीज सारखी होत नाही, वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने टोकं येतात. लगाम ओढला की गाल त्या टोकांवर दाबला जातो. कित्येक घोड्यांच्या गालाला आतून जखमा असतात आणि मालकाला पत्ता नसतो, कारण बाहेरून काही दिसतच नाही. शिवाय वरच्या पहिल्या दाढेपुढे कधीकधी एक छोटासा दात असतो, डॉक्टर त्याला वुल्फ टूथ म्हणतात, कडी त्याला लागली की घोडा डोकं झटकतो. दाढांवर कानस फिरवणं, तो दात काढणं, ही जनावरांच्या डॉक्टरांची नेहमीची कामं आहेत. वर्षातून एकदा तरी दात दाखवा, तरुण घोडा असेल तर दोनदा, कारण अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान त्याचे दुधाचे दात पडून नवे येत असतात आणि आपल्याकडे नेमकं याच वयात त्यांना स्वारीला लावतात.

आणि हे सगळं न बघता लोक काय आणतात, तर काटेरी लगाम. मला याबद्दल बोलायचंच आहे, आयोजकांनी रागावू नये. कडीवर खिळ्यासारखे काटे असलेला हा प्रकार अजून विकला जातो, खुलेआम, आणि घेणारे चांगले शिकलेले लोक असतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 1965 साली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले, त्यात आठवा नियम स्पष्ट आहे, स्वारीसाठी किंवा जनावर काबूत ठेवण्यासाठी काटेरी काठी, काटेरी लगाम, टोचणारं कसलंही साहित्य वापरायचं नाही. साठ वर्षं झाली की हो! काट्याने काय होतं ते सांगते. पहिल्या दिवशी घोडा थांबतो, मालक खूश. मग जखम होते, भरते, परत होते, हाडावर गाठी येतात, कातडी निबर होते. त्या जागेला आता पहिल्यासारखं कळत नाही. मग मालक म्हणतो याचं तोंडच कडक आहे. अहो, ते कुणी कडक केलं?

कीर्तनात आपण सगळ्यांनी कठोपनिषदातला रथ ऐकलाय, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. 'दुष्टाश्वा इव सारथेः' एवढं लोकांच्या लक्षात राहतं. पण पूर्ण श्लोक बघा, ज्याला समज नाही आणि ज्याचं मन ताब्यात नाही त्याचे घोडे दुष्ट होतात असं म्हटलंय, आणि लगेच पुढच्या श्लोकात सारथी समजदार आहे तर 'सदश्वा इव सारथेः'. उपनिषदानेसुद्धा आधी सारथ्याकडे बघितलंय, घोड्याला शिव्या दिलेल्या नाहीत.

आता एक घोडी सांगते. इंदापूरकडचे एक द्राक्षबागायतदार दादा, त्यांनी जत्रेतून मारवाडी घोडी आणली. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंग, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, बघत बसावी अशी. विकणाऱ्याने सांगितलं होतं की लग्नाला चालायची, बँड, फटाके, गर्दी, कशाला बिचकत नाही. दादांना वाटलं, मग तर सोन्याहून पिवळं, कालव्याच्या कडेने रोज सकाळी फेरी मारायची. गोठ्यात घोडी एकदम गरीब, नुसत्या दोरीने मुलं सुद्धा फिरवायची. पण दादा वर बसले, बाहेर पडले आणि लगाम आवळला की घोडी पुढचे पाय उचलायची, उड्या मारत तिरकी पुढे जायची. दादा आणखी ओढायचे, ती आणखी उडायची. गावात चर्चा, घोडी अंगावर येते म्हणून. मग कुणीतरी काटा आणून दिला. त्याने महिनाभरात घोडी वेगळंच शिकली, नाक आभाळाकडे करून पळायचं. नाक वर गेलं की कडी त्या हाडावरून सरकून दाढांकडे जाते, खाली ओढच पोचत नाही. एका सकाळी समोरून उसाची ट्रॉली आली, दादांनी जीव खाऊन ओढलं, आणि घोडी त्यांना मानेला लोंबकळत ठेवून थेट बागेच्या फाटकापर्यंत आली. दोघांनाही काही झालं नाही, पांडुरंगाची कृपा.

मग आम्हाला फोन. आम्ही जाऊन तोंड उघडलं. जिभेच्या कडेला भरलेली खाच, उजव्या बाजूला हाडावर गाठ, वर वुल्फ टूथ. डॉक्टरांनी तो दात काढला, दाढा घासल्या, आणि लगाम पूर्ण बंद. हे झालं, पण उड्यांचं कोडं सुटेना. आमच्याबरोबर एक जुने मोतद्दार मामा होते, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, आयुष्य घोड्यांत गेलेलं. ते नुसते घोडीशेजारी उभे राहिले, म्होरकीची दोरी दोन बोटांनी जराशी वर उचलली आणि जिभेने टक टक असा ठेका धरला. घोडीने उजवा पाय उचलला, मग डावा, मग उजवा, अगदी तालात! मामा म्हणाले, "ताई, हिला वरात शिकवलीया. लगाम वर आला की नाचायचं. दादा म्हणतात थांब आणि हिला ऐकू येतंय नाच."

दादा दहा मिनिटं गप्प होते. घोडी पहिल्या दिवसापासून शिकवलेलं करत होती, मनापासून करत होती, आणि त्याबद्दल तिच्या तोंडात काटे घातले होते.

पुढे तिला नवी भाषा शिकवली. बंद रिंगणात, लगामाशिवाय, नुसत्या नाकपट्टीवर. अंग ताठ करून बसलं आणि 'होऽ' म्हटलं की थांबायचं, थांबली की दोरी ढिली आणि मानेवर थाप. थांबणं आणि ढिली दोरी यांची गाठ तिच्या डोक्यात पक्की बसेपर्यंत बाहेर काढलंच नाही. मग जोडकडीचा, म्हणजे मधोमध सांधा असलेल्या कडीचा साधा लगाम, तोही जाड गुळगुळीत. आज ती कालव्यावरून ढिल्या दोरीवर जाते. गावात वरात आली की अजून नाचते, तेव्हा दादा खाली उतरतात आणि तिला नाचू देतात. मला हे फार आवडतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बाहेर काढल्यावर काय करायचं हे सांगायचं कबूल केलंय, भराभर घेते.

दाणा. घोडा आठवडाभर बांधलेला, हरभरा, मका, गूळ चालू, आणि रविवारी बाहेर. तो ओढणारच. काम नाही त्या दिवशी दाणा कमी, चारा पोटभर, आणि रोज मोकळं फिरणं. एवढ्याने निम्मे घोडे निवळतात. शिवाय भरल्या दाण्यावर उभा ठेवून अचानक पळवला तर पाठीचे, पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, लघवी गडद तपकिरी होते, तिथेच थांबायचं, चालवायचंही नाही, डॉक्टर बोलवायचा. खोगीर बघा, मणक्यावर टेकत असेल तर घोडा दुखण्यापासून पळत असतो.

हात. सलग ओढून धरू नका. चारशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच आपण हरणार आणि तुम्ही ओढलं की त्यालाही टेकून ओढायला काहीतरी मिळतं. घ्या आणि सोडा, घ्या आणि सोडा, त्याने जरा ऐकलं त्याच क्षणी सोडा. बहुतेक लोक इथे चुकतात, घोडा ऐकतो तरी हात आवळलेलाच, मग त्याने कशासाठी ऐकायचं? पुढे वाकू नका, टाचा आवळू नका, भीतीने दोन्ही होतं आणि घोड्याच्या हिशोबात दोन्हीचा अर्थ 'पळ'. ताठ बसा, श्वास सोडा, बोलत राहा.

निघालाच तर, जागा मोकळी असेल तर मोठा गोल घ्या आणि हळूहळू लहान करा. भरधाव असताना एका बाजूने झटका देऊ नका, घोडा पडतो. अरुंद रस्ता असेल तर एका हातातली दोरी आखूड करून ती मूठ मानेवर आयाळीत घट्ट टेकवायची आणि दुसऱ्या हाताने वर आणि मागे एक ओढ, लगेच सोड, परत. हा फक्त जीव वाचवायचा उपाय, रोजचा नाही, आणि घरच्या मैदानात सावकाश चालीवर शिकून ठेवा.

जागा. रोज त्याच पट्ट्यावर कॅन्टर, म्हणजे मध्यम दौड करत असाल तर तो पट्टा आला की घोडा विचारणार नाही, निघेल. कधी तिथे चालवा, कधी उभा करा, कधी चारा चरू द्या. रोज एकाच वळणावरून परत फिरू नका. घराकडे तोंड झालं की फक्त सावकाश चाल, पळवणं नाही, शेवटचा किलोमीटर तर उतरून चाला. सुरुवातीला एक म्हातारा शांत घोडा सोबत घ्या, आणि सोबतच्यांना आधी बजावा की सांगितल्याशिवाय कुणी पुढे पळवायचं नाही. कळपातला जीव आहे, दुसरा पळाला की हा थांबणं फार अवघड.

लगाम बदलायचाच असेल तर आधी मऊकडे बदला. कडी जितकी पातळ तितकी जास्त लागते. नाकपट्टी आवळून तोंड बंद करू नका, दोन बोटं सहज जायला हवीत. साखळीचा, तरफेचा लगाम जाणत्या हातात थोड्या दिवसांसाठी ठीक, शिकाऊ माणसाच्या हातात मी कधीच देत नाही.

हो काका, झालंच. हेल्मेटशिवाय बसू नका, मिरवणुकीतसुद्धा, फेटा उतरल्यावर बांधा. प्रश्न विचारा आता, आणि ज्यांचे घोडे बाहेर बांधलेत त्यांनी जायची घाई करू नका, डॉक्टर आलेत, एकेकाचं तोंड बघून घेऊ.