हरिपाठ, पंचांग आणि दहावीचा अर्ज

(दृश्य: वर्धा नदीचा घाट. पलीकडे कपाशीची वावरं.)

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. वारकऱ्यांसाठी हे रुक्मिणीचं माहेर. आषाढी वारीसाठी इथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते. याच पट्ट्यातल्या एका खेड्यात, पऱ्हाटी आणि तुरीवर चालणाऱ्या एका माळकरी घरातली दोन मुलं शाळेत जात नाहीत. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. दोघं घरीच शिकतात.

त्यांची आई डी.एड. झालेली आहे. शिक्षक भरती निघेल म्हणून विदर्भातल्या हजारो मुलींनी वाट पाहिली, तशी तिनंही पाहिली. मग तिनं आपल्या घरातच वर्ग भरवला. वडील शेती करतात, संध्याकाळी पखवाज घेतात. घरात आजी आहे. निर्णय कुणा एकाचा नव्हता आणि तो सहज झालेलाही नाही. नातेवाइकांनी बोल लावले, गावातल्यांनी विचारलं की पोरीचं काय करता. त्यांचं उत्तर साधं होतं. पहाटे बसमध्ये बसून दिवस कलल्यावर परतणाऱ्या लेकरांत ना हरिपाठाला जीव उरतो, ना वावराला, ना आजीजवळ बसायला.

(दृश्य: देवघरासमोर सतरंजी. मुलगा बोट ठेवून वाचतो आहे.)

सकाळी हरिपाठ होतो. ज्ञानेश्वरांचे हे अभंग आजीला तोंडपाठ आहेत, मुलांना ते वाचताही येतात. जोडाक्षरं मुलगा इथेच शिकला. ‘द्वारीं’मधला द आणि व कसे जोडायचे, अनुस्वार कुठे उच्चारायचा आणि कुठे सोडायचा, हे त्याला सरावानंच कळलं. पाठांतराला आपण उगाच कमी लेखतो. सुरात पाठ केलेलं वाक्य मुलाच्या जिभेवर बसतं, आणि शब्द जिभेवर बसला की त्याचा अर्थ विचारायची ओढ आपसूक लागते.

एका अभंगात चार वेद, सहा शास्त्रं आणि अठरा पुराणं येतात. मुलगा तिथेच थांबला.

“आजी, सहा शास्त्रं कोणते वं?”

“मले नाई मालूम बाप्पा. महाराजाले विचारू.”

या घराचं मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर ते हे उत्तर. आजीनं त्याला गप्प केलं नाही. देवाच्या गोष्टीत तोंड घालू नको, असंही म्हणाली नाही. सप्ताहात आलेल्या कीर्तनकार महाराजांपुढे पोरगा उभा राहिला आणि त्यानं विचारलं. महाराजांनी न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, पूर्वमीमांसा आणि उत्तरमीमांसा ही नावं सांगितली. वर हेही सांगितलं की ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत जग घडवणाऱ्या देवाची गरजच मानलेली नाही. पोरगा चक्रावला. देवाचं नाव गाणाऱ्या अभंगात हे शास्त्र कसं? त्यावर घरात कितीतरी दिवस बोलणं चाललं. वडील एक म्हणत होते, आई दुसरंच. असा वाद ज्या घरात होऊ शकतो, त्या घराच्या धार्मिक वळणाची मला काळजी वाटत नाही.

आपल्या भागाची परंपरा तरी काय सांगते? मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर इथून दूर नाही. तेराव्या शतकात सुरू झालेल्या महानुभाव पंथाचं ते मोठं ठिकाण. धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचणारी महदंबा त्याच पंथातली, आणि ती पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींना सतत काही ना काही विचारत राहायची. तिचे प्रश्न आणि स्वामींची उत्तरं पंथानं जपून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. गाडगेबाबा तर कीर्तनच प्रश्नांनी करायचे. समोरच्या माणसांना विचारत जायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. स्वतः अक्षरओळख नसलेल्या या माणसानं शेवटपर्यंत लोकांना मुलं शिकवायला सांगितलं. मुलांना धर्माच्या वळणात वाढवायचं आणि प्रश्न मात्र विचारू द्यायचे नाहीत, असं करणारा माणूस या संतांच्या वाटेवर चालत नसतो. हे मी ठामपणे म्हणते.

(दृश्य: भिंतीवर पंचांग. खाली पाटीवर गुणाकार.)

गणित इथे पंचांगातून सुरू होतं. मृग नक्षत्र जूनच्या 7 किंवा 8 तारखेच्या आसपास लागतं आणि बाप आभाळाकडे पाहू लागतो. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस राहतो. नक्षत्रं 27. मुलानं गुणाकार केला, साडेतीनशेच्या पुढे आकडा गेला आणि वर्ष का भरतं ते त्याला कळलं. चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं. दर वर्षी सुमारे 11 दिवस मागे पडतात आणि जवळजवळ 33 महिन्यांनी अधिक मास घालून ते भरून काढावे लागतात. एकादशीचा उपवास धरणाऱ्या घरात हा हिशेब कोरडा राहत नाही, कारण अधिक मासात एकादश्याही दोन वाढतात.

भूगोल नदीचा. वर्धा सातपुड्यात, मुलताईजवळ उगम पावते. तापीही त्याच भागातली, पण ती पश्चिमेकडे अरबी समुद्राला जाते. वर्धा मात्र वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, पुढे गोदावरीत जाते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. मुलीनं हा सगळा नकाशा भिंतीवर स्वतः काढलाय. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा, ती कृष्णेला मिळते, हेही त्यात आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरांची वही मुलगी सांभाळते. कुणी किती किलो वेचला, किलोमागे काय दर, कुणाला उचल दिली. हातानं काम करत शिकायचं, हा विचार या मातीला नवा नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती आणि गांधीजींनी मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षण मांडलं होतं. नई तालीम तिथूनच पुढे आली.

(दृश्य: संध्याकाळ. प्रार्थना मंदिर. खंजिरीचा आवाज.)

घरी शिकणारं मूल एकटं पडतं, हा आक्षेप खरा आहे आणि तो हसून उडवण्यासारखा नाही. या घरानं त्यावर काढलेली वाट गावातच होती. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तुकडोजी महाराजांच्या या प्रार्थनेला सगळ्या जातींची मुलं एका सतरंजीवर बसतात. मुलगी खंजिरी वाजवते, बाकीचे पोट्टे भजन म्हणतात, मग अंधार पडेपर्यंत कबड्डी चालते. तरीही मला वाटतं, मुलांना याहून जास्त सोबत हवी. आईलाही ते पटतं.

मुलीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. तेरावं सरलं की गावात पोरीच्या लग्नाच्या गोष्टी निघतात, आणि घरी शिकणाऱ्या पोरीवर तर आधी निघतात. शाळेचा दाखला नसलेली मुलगी लोकांना मोकळी दिसते. संस्कारांच्या नावाखाली मुलीला चुलीशी बांधून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत आणि त्या घरांबद्दल माझ्या मनात राग आहे. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत ‘जीवन शिक्षण’ आहे, तसा ‘महिलोन्नती’ही आहे. ही पोथी घरात वाचायची आणि पोरीला मात्र दहावीआधी उजवायची, हे कसं चालेल? या वडिलांनी ते चालू दिलेलं नाही. मुलीचं शिकणं होईपर्यंत लग्नाची गोष्ट काढायची नाही, असं त्यांनी भावकीत बसून सांगितलं.

कायद्याचं सांगायला हवं. 6 ते 14 वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क सांगणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. मुलांना जवळच्या शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय. घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेख त्यात नाही. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी हे आधी वाचावं, आणि मुलांच्या हातात पुढे मान्य प्रमाणपत्र येईल याची सोय पहिल्या दिवसापासून बघावी. श्रद्धा कितीही खरी असली तरी नर्सिंगच्या प्रवेशाला गुणपत्रिकाच लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था 1989 पासून आहे. 14 वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीच्या बरोबरीची परीक्षा देता येते, मराठीतूनही.

(दृश्य: ओसरीवर अर्जाचा कागद. सगळे भोवती बसलेले.)

त्यासाठी किमान पाच विषय घ्यावे लागतात. मराठी, गणित आणि विज्ञान यांवर सगळ्यांचं एकमत झालं. प्रयोगांसाठी आई तालुक्याच्या शाळेतल्या शिक्षकांना भेटून येणार आहे. उरलेल्या दोन विषयांवर अजून भांडण चालू आहे. आजीला संस्कृत हवं, वडिलांना डेटा एन्ट्री. मुलगी म्हणते, “संगीत घेतो म्या. अन् डेटा एन्ट्री. संस्कृत मंग पाहू आजी, बारावीले.”